डॉक्टरला पुरवलेलं वाक्य

"तू त्याला वाक्य पुरवलंस?"

"अगं, अडकला होता तो."

"मावशी, तो डॉक्टर आहे! नट नाही!"

"अडकलेला माणूस अडकलेलाच असतो. बिचारा म्हणाला, 'जेवण जरा कमी करा आणि रोज...' आणि थांबला. पुढे येईचना काही. नुसता बघत बसला."

"कुठे बघत बसला?"

"हातातल्या फोनकडे."

"मग अडकला कुठे होता? मेसेज वाचत होता तो!"

"ते मला काय ठाऊक? मी आपलं हळूच म्हटलं, 'चालायला जा.' तो म्हणाला, 'हां, रोज चालायला जा. या आता.' आणि घंटी मारली."

"म्हणजे तुला हाकलायचं वाक्यसुद्धा तूच त्याच्या तोंडात घातलंस!"

"तोंडात नाही गं, कानात," मावशी थर्मासचं झाकण फिरवत शांतपणे म्हणाली. "तोंडात घालणं आमच्या कामात बसत नाही."

आम्ही नाट्यगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. मी घामाने निथळत होते. मावशीने स्वेटर घातला होता, वर शाल घेतली होती, आणि तरी चहाचा पेला दोन्ही हातांत शेकोटीसारखा धरला होता. गेल्या काही महिन्यांत तिचा ऋतूच वेगळा झाला होता.

माझी ही मावशी प्रॉम्प्टर आहे. पहिल्या विंगेत, पडद्याच्या दोरांच्या आड, एका लाकडी स्टुलावर ती बसते. मांडीवर नाटकाची संहिता, तिच्यावर झाकण लावलेला एवढासा दिवा. स्टेजवर कुणी वाक्य विसरला की ती त्याला ते देते. प्रेक्षकांना ती दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि नाटक संपल्यावर टाळ्या घ्यायला बाहेरही येत नाही. तिची कुजबुज हीच तिची सगळी इस्टेट. ती नटाच्या कानापर्यंत बरोब्बर पोचायची आणि तिथेच संपायची. पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटायचं, पंखा कुरकुरतोय.

तरुणपणी ती नाटक बघायला यायची, पदरचं तिकीट काढून. एकच नाटक तिसऱ्यांदा बघत होती, पहिल्या रांगेत. ऐन भांडणात नायिका अडकली. प्रॉम्प्टर विडी ओढायला बाहेर. नायिकेचा चेहरा पांढराफटक, सभागृहात चिडीचूप. मावशीला राहवेना. तिने बसल्या जागेवरून, ओठही न हलवता वाक्य दिलं. नायिकेने ते उचललं आणि असं काही फेकलं की टाळ्या पडल्या. प्रयोगानंतर तेव्हाचे मॅनेजर तडातडा तिच्याकडे आले. तिला वाटलं, आता बखोट धरून बाहेर काढणार. ते म्हणाले, "बाई, उद्या संध्याकाळी काय करताय?"

तेव्हापासून ती त्या स्टुलावर आहे.

आता ज्याचं त्याचं काम त्याच्या त्याच्या हाडांत मुरतं. मावशीच्या हाडांत हे मुरलं की समोरच्याचं वाक्य अर्धवट लोंबकळत ठेवायचं नाही. भाजीवाला भाव सांगताना घुटमळला की ही पुढचा आकडा देते, आणि नेमका चढा देते. बँकेतला कारकून "तुमची सही जरा..." म्हणून थांबला की ही म्हणते, "जुळत नाही." मग तो म्हणतो, "हां, जुळत नाही," आणि ही तासभर सह्या करत बसते. आमच्या काकांनी, म्हणजे हिच्या नवऱ्याने, कधीकाळी घाम पुसत हिला म्हटलं होतं, "मला ना तुमच्याशी जरा..." आणि थांबले. ही हळूच म्हणाली, "लग्न करायचंय." काका म्हणाले, "हां. तेच."

काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते आजही शपथेवर सांगतात, "मला 'बोलायचं होतं' म्हणायचं होतं. हिचा ट्रान्झिस्टर मी बिघडवून ठेवला होता, त्याबद्दल."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" मी एकदा विचारलं.

"हिने दिलेलं वाक्य जास्त चांगलं होतं," काका म्हणाले.

तर अशी ही बाई. गेल्या वर्षी तिचं वजन वाढायला लागलं. हळूहळू नाही. आगाऊ पाहुणे येतात तसं, न विचारता, बिछान्यासकट. अंगठी बोटात रुतून बसली. चपलांचे पट्टे शेवटच्या भोकावर आले. जेवण तेवढंच होतं, उलट भूकच कमी झाली होती. दुपारी झोप अशी यायची की इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकलं तर तिथेच घोरायची. केसांचे पुंजके फणीत राहायचे. आणि ती पायघड्यांसारखी मऊ कुजबुज जाड व्हायला लागली होती, कुणी घशात वाळूचा कागद लावावा तशी.

मीही याच नाट्यगृहात छोटी कामं करते. आमच्या नाटकातला नायक मोठा देखणा आणि पाठांतराच्या नावाने शंख. दर दोन वाक्यांनी विंगेकडे मान वळवून डोळ्यांनी विचारतो, पुढचं काय? म्हणून सगळे त्याला पुढचंकाय म्हणतात. त्याने एकदा मावशीला दोर आणि भिंतीमधून आडवं होऊन आत शिरताना पाहिलं.

"मावशी, विंग लहान झाली की काय?"

"विंग तेवढीच आहे रे," मावशी म्हणाली. "माझी भूमिका मोठी झाली."

सगळे खो खो हसले. तीही हसली, सगळ्यांच्या आधी सुरू झाली आणि सगळ्यांच्या नंतर थांबली. मी तेव्हा तिचा स्टूल सरकवून देत होते. स्टुलावर बसल्यावर ती दिव्याचं बटण दाबायला विसरली, हे मला दिसलं. एरवी ती कधी विसरत नाही.

म्हणून मी तिच्या मागे लागून तिला डॉक्टरकडे पाठवलं. पहिल्यांदा ती एकटी गेली, आणि त्याचा निकाल वर सांगितलाच.

"तू त्याला काय काय सांगितलंस?" पायऱ्यांवर मी विचारलं होतं.

"सगळं. वजन, थंडी, झोप, केस. तो टाइप करत होता. म्हणाला, 'काकू, या वयात वाढतंच.' काकू म्हणाला! मी त्याच्या काकाला ओळखतसुद्धा नाही."

"आणि आवाज?"

"आवाजावर यायच्या आत ते 'आणि रोज' आलं."

"म्हणजे तूच घंटी वाजवायला लावलीस."

"आता झालं ते झालं. डॉक्टरने सांगितलंय तर चालेन. चालायला काय पैसे पडतात?"

चालायला पैसे पडत नाहीत, आणि सल्लेही फुकट मिळतात. बागेतल्या फेरीवर मावशी आणि काका निघाले. काका पुढे, हात मागे बांधून, दुकान बंद झाल्यापासून त्यांना कुठेच घाई नव्हती, तरी ते मावशीच्या कितीतरी पुढे. मागून येणाऱ्या सडपातळ बायका वळून म्हणायच्या, "हात हलवा, हात! नुसते पाय काय कामाचे?" दुसरी म्हणायची, "पाव बंद करा." तिसरी, "पाणी गरम प्या." चौथी म्हणाली, "मनातून ठरवायला हवं." मावशी धापा टाकत बाकावर टेकली आणि त्या चौथीला म्हणाली, "मनातून मी कधीचीच बारीक आहे हो. हे बाकीचं ऐकत नाही."

ती उकडलेल्या भाज्या खात होती, काकडी चावत होती, चहात साखर नाही, बिस्किटाचा डबा काकांच्या कपाटात कुलूपबंद. काकाच एक दिवस रडकुंडीला येऊन मला म्हणाले, "अगं, माझाच पट्टा सैल झाला." मावशीचा घट्ट झाला होता. महिनाभर चालून तिचं वजन आणखी वाढलं होतं. चालून चालून हाती काय आलं, तर पायाला फोड.

"परत जा डॉक्टरकडे," मी म्हटलं.

"आणि काय सांगू? तो म्हणणार, ही लपूनछपून खाते."

"तू खातेस का लपून?"

"मी लपू कुठे, सांग ना," मावशी म्हणाली. "लपायला आडोसा तरी माझ्याहून रुंद हवा!"

हसवून विषय संपवायची तिची जुनी खोड. विषय संपला नाही मात्र. पुढच्याच प्रयोगात तो स्टेजवर आला.

दुसऱ्या अंकाचा शेवट. घरात नवरा-बायको दोघंच. नवरा म्हणजे पुढचंकाय. त्याने बायकोला फसवलंय, तिला ते कळलंय, आता त्याने गुडघ्यावर बसून फक्त "मला माफ कर" म्हणायचं. मी मोलकरणीच्या वेशात ट्रे घेऊन पलीकडच्या विंगेत उभी, समोर मावशी मला दिसत होती. पुढचंकाय गुडघ्यावर बसला. थांबला.

इथे एक सांगायला हवं. प्रॉम्प्टरचं खरं कसब वाक्य देण्यात नाही, न देण्यात आहे, असं मावशी म्हणते. नट अडकलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायचं. मुद्दाम थांबला असेल तर तो थांबा त्याच्या हक्काचा. त्यात तोंड घालायचं नाही. विंगेत बाकी कुणी मदतीला धावलं की मावशी मागे न बघता पंजा उघडून धरते. तो पंजा दिसला की आम्ही सगळे जीभ चावतो.

त्या दिवशी पंजा नव्हता. पुढचंकाय खरंच अडकला होता. मावशीने दिलं.

आणि विंगेतून एका पुरुषाचा घोगरा, जाड आवाज आला, "मला माफ कर."

शेवटच्या रांगेपर्यंत गेला. प्रेक्षकांना वाटलं, घरात आणखी एक माणूस लपलाय आणि त्याच्याकडूनही काहीतरी घडलंय. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "हा दुसरा कोण?" आणि सगळं सभागृह फुटलं. पुढचंकायने घाबरून विंगेकडे बघत मोठ्याने विचारलं, "कोण आहे तिकडे?" झालं. रडायच्या जागी लोकांनी पोट धरधरून हसून घेतलं.

प्रयोगानंतर नवे मॅनेजर विंगेत आले. भला माणूस. ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

"मावशी, नवीन नाटकाला आता महिना राहिला," ते म्हणाले. "बाहेर सगळे कानात घालायचं यंत्र वापरतात. बटणाएवढं असतं. आत खोलीत बसून कुणीही वाचू शकतं. आवाज सुधारला तर तुमची जागा तुमचीच. नाहीतर..."

ते थांबले. मी मावशीकडे बघितलं. तिचे ओठ हलले.

"...नाहीतर यंत्र," ती म्हणाली.

"हां," मॅनेजर म्हणाले. "तसंच काहीसं."

घरी जाताना रस्ताभर ती एक विनोद बोलली नाही. मला तिची खरी काळजी वाटली ती तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी जाऊन टेबल खिडकीपाशी ओढलं, काकांचा जुना चष्मा लावला, हातात टीव्हीचा रिमोट फोनसारखा धरला.

"हे काय?" मावशीने विचारलं.

"तालीम. मी डॉक्टर. काका, तुम्ही बाहेर बसलेले पेशंट. मधूनमधून खोका."

काका आनंदाने खोकायला लागले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भूमिका मिळाली होती.

"बसा काकू," मी रिमोटमध्ये बघत म्हटलं. "काय होतंय?"

"वजन..."

"या वयात वाढतंच. खाणं कमी करा आणि रोज..."

"चालायला जा," मावशी म्हणाली.

"मावशी!"

"सवय गं!"

"पुन्हा. खाणं कमी करा आणि रोज..."

मावशीने ओठ घट्ट मिटले. डोळे बारीक केले. मान लाल झाली. शेवटी बांध फुटावा तशी म्हणाली, "चालायला जा! मेली जीभच ऐकत नाही."

बाहेरून काका खोकले.

"तुम्ही थांबा हो, ठसका लागेल खरंच," असं तिने ओरडून सांगायला तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही, नुसती घरघर.

मी चष्मा काढला. "मावशी, तू दुसऱ्यांना इतकी वाक्यं देतेस. तुझं स्वतःचं एक का म्हणत नाहीस? 'मी खोटं बोलत नाहीये, माझं नीट ऐका.' एवढंच."

ती टेबलावरची पाव झाकायची जाळी सरळ करत बसली. मग म्हणाली, "तू बारीक आहेस ना, तुला नाही कळायचं. मी दारातून आत गेले की समोरच्याने माझ्याबद्दल काय ठरवलंय ते मला आधीच ऐकू येतं. त्याने म्हणायच्या आत मीच म्हणते. मी म्हटलं की विनोद होतो. त्याने म्हटलं की..."

ती थांबली. मी वाक्य दिलं नाही. तो थांबा तिच्या हक्काचा होता.

काका दारात येऊन उभे होते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं, बिस्किटांचा डबा तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हा तुरुंग मी बंद केला. उद्या त्या डॉक्टरकडे जायचं."

"एकटी नाही," मी म्हटलं. "मी प्रॉम्प्टर म्हणून येते."

मावशीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. "प्रॉम्प्टर शेजारी खुर्ची टाकून बसत नाही हं. आडोशाला उभा राहतो."

"तपासायच्या खाटेपुढे हिरवा पडदा असतो. त्यामागे."

"आणि तू आत येताना तो बघेल त्याचं काय?"

"त्याने तुला बघितलं का?"

मावशीने जरा विचार केला. "नाही," ती म्हणाली.

"मग मला काय बघणार!"

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या मुलीने मावशीचा नंबर पुकारला, मावशी पुढे, मी तिच्या मागे. खोलीत कोपऱ्यात वजनकाटा, भिंतीवर एका लठ्ठ आणि एका सडसडीत माणसाचं चित्र, लठ्ठ माणूस रडवेला, सडसडीत धावतोय. डॉक्टर टाइप करत होता. मी पाच पावलं टाकून हिरव्या पडद्याआड गेले. तो टाइपच करत होता. रात्रभर ड्युटी करून आल्यासारखे डोळे, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव, झाकणाशिवाय पेन. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर काम सोपं झालं असतं.

"बसा काकू. काट्यावर उभ्या राहा."

"दोन्ही एकदम कसं करू?" मावशी म्हणाली.

तो हसला नाही, कारण ऐकलंच नव्हतं. मावशी काट्यावर चढली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. आकडा बघून डॉक्टरने जीभ टाळूला लावून च्च केलं.

"वाढलंय की हो. चालत नाही वाटतं?"

हा क्यू होता! ठरलेलं वाक्य होतं, 'रोज चालते, खाणंही कमी केलं, तरी वाढतंय, आणि माझा आवाज बसलाय.' मावशी स्टुलावर येऊन बसली, तोंड उघडलं, आणि कोरी झाली. आयुष्यभर दुसऱ्यांची नाटकं तोंडपाठ, आणि स्वतःच्या एका ओळीला अडकली.

मी पडद्याआडून दिलं, "रोज चालते..."

"रोज चालते," मावशी म्हणाली.

"सगळे असंच सांगतात," डॉक्टर टाइप करत म्हणाला. "फिरायला जातात आणि येताना खाऊन येतात. काकू, रागावू नका, पण शरीर खोटं बोलत नाही. या वयात बायकांचं असं होतंच. गोळी वगैरे काही नसते याला. जेवण जरा आणखी कमी करा आणि रोज..."

फोन वाजला. त्याने उचलून स्क्रीनवर बघितलं.

"आणि रोज..."

माझ्या जिभेवर सतरा वाक्यं होती. मी श्वास घेतला. तेवढ्यात मावशीचा उजवा हात मांडीवरून उठला, पाठीमागे आला, आणि पंजा उघडला.

मी जीभ चावली.

मावशी बोलली नाही. हललीही नाही. शाल सावरली, हात परत मांडीवर ठेवला, आणि डॉक्टरकडे बघत बसली. रागाने नाही. विंगेतून बघते तशी, सगळं लक्ष देऊन.

"रोज..." डॉक्टर म्हणाला. फोन खाली ठेवला. "काय म्हणत होतो मी?"

काही नाही. खोलीत पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणीतरी खोकलं, ते काका होते, भूमिका अजून सोडवत नव्हती त्यांना.

मी स्टेजवर असे थांबे पाहिलेत. बघणाऱ्याला ते लहान वाटतात. त्यात उभ्या असलेल्याला विचारा. आधी मान वळते, मग हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, मग माणूस समोरच्या नटाच्या डोळ्यांत बघतो, कारण दुसरीकडे कुठे काही मिळणार नसतं. डॉक्टरने झाकण नसलेलं पेन उचललं. ठेवलं. कॉम्प्युटरकडे बघितलं, तिथेही वाक्य नव्हतं. आणि मग त्याने वर बघितलं.

पहिल्यांदा.

त्याने मावशीचा चेहरा बघितला, सुजलेल्या पापण्या बघितल्या. मग शाल. मग स्वेटर. मग स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला आणि परत स्वेटरकडे बघितलं.

"तुम्हाला थंडी वाजतेय?"

"हो," मावशी म्हणाली. घोगरं, जाड.

"आवाज असाच असतो का तुमचा?"

"नाही. माझा आवाज..." ती थांबली. मी पडद्याआड मुठी आवळून उभी राहिले. तिने स्वतःच पुढचं आणलं. "माझा आवाज हेच माझं काम आहे. मी प्रॉम्प्टर आहे. कुजबुजले तर शेवटच्या रांगेला जातंय. वर्षभर असं आहे. वजन वाढतंय, केस जातायत, बसल्या जागी झोप लागते. मी लपून खात नाही. माझं खाणं निम्मं झालंय. माझ्या नवऱ्याचा पट्टा सैल झाला, माझा नाही."

डॉक्टर उठला. टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी आला. "मान जरा वर करा." बोटांनी तिचा गळा चाचपला. "गिळा." पुन्हा चाचपला. तिच्या हातांची कातडी बघितली, गुडघ्याखाली बारकी हातोडी मारून पाय किती उडतो ते बघितलं. पाय उडाला, पण दुसऱ्या अंकात पुढचंकाय उठतो तसा, सावकाश.

"हं," तो म्हणाला. त्या 'हं'मध्ये खरा माणूस होता. "रक्त तपासायला लागेल. आज उपाशी आहात?"

"महिनाभर आहे," मावशी म्हणाली.

या वेळी त्याने ऐकलं. हसू दाबत तो वळला आणि त्याची नजर हिरव्या पडद्याच्या खालच्या कडेवर गेली.

"हे पाय कुणाचे?"

"माझ्या भाचीचे," मावशी म्हणाली. "काम झालंय तिचं."

मी बाहेर आले. नमस्कार करावा की वाकून सलाम करावा हे न कळून नुसतीच उभी राहिले. डॉक्टरने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, काही विचारायचं सोडून दिलं, आणि चिठ्ठी लिहायला बसला. या वेळी हाताने, सावकाश, मध्ये दोनदा मावशीकडे बघत. चिठ्ठी तिच्यापुढे धरून तो जरा चिडक्या, जरा ओशाळ्या स्वरात म्हणाला,

"थायरॉइडचं, गळ्यातल्या ग्रंथीचं निघू शकतं हे. नक्की रिपोर्ट बघून सांगतो. पण काकू, हे सगळं तुम्ही मागच्याच वेळी का नाही सांगितलंत?"

माझं तोंड उघडलं. आता मात्र मी काही बाकी ठेवणार नव्हते. मागच्या वेळचं एकेक वाक्य मला पाठ होतं, वजन, थंडी, झोप, केस, 'या वयात वाढतंच', आणि घंटी.

मावशीने चिठ्ठी घेतली. घडी घातली. शाल खांद्यावर टाकून उठली. डॉक्टर तिच्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत, पेन हातात तसंच.

ती दाराकडे निघाली. माझ्या अंगावरून जाताना मागे न बघता तिने पंजा उघडून धरला, आणि दार ढकलून बाहेर गेली.